भीमाची गदा आणि मार्गदर्शकांचं ‘मग?’

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक प्रकरण लिहिलं होतं. त्याचं सार एवढंच, की भीमाने दुर्योधनाला अन्यायाने मारलं. मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहून ते परत दिलं: ‘मग?’ आठवडाभर मला त्या शब्दाचा राग येत होता. तुमच्यापैकी काही जण सध्या संशोधनाचा आराखडा लिहीत असाल, म्हणून त्याबद्दल सांगते.

कथेतल्या लढाईत न्याय-अन्याय शोधण्यात अर्थ आहे का? माझं उत्तर आहे, हो. पण निकाल देण्यासाठी नाही. त्या अन्यायाचं कथेत पुढे काय होतं, हे बघण्यासाठी.

महाभारतात युद्ध सुरू होण्याआधी, भीष्मपर्वात, दोन्ही पक्ष नियम ठरवतात. रथी रथीशीच लढेल, पायदळ पायदळाशी. पळणाऱ्यावर, बेसावध माणसावर वार करायचा नाही. हे सगळं आधी का सांगायचं? नियमच माहीत नसेल, तर तो मोडला तेव्हा आपल्याला काय कळणार?

आता शल्यपर्वातलं गदायुद्ध घ्या. नाभीखाली वार करायचा नाही, असा नियम. कृष्ण अर्जुनाला आधीच सांगतो, की भीमाची ताकद जास्त असली तरी दुर्योधनाचं कौशल्य वरचढ आहे. सरळ लढून भीम जिंकणार नाही. भीम मांडीवर गदा मारतो. दोघांचा गुरू बलराम चिडून नांगर उचलतो. कृष्ण त्याला आवरतो, भीमाच्या प्रतिज्ञेची आठवण देतो, पण बलरामाला ते पटत नाही आणि तो द्वारकेला निघून जातो. पडलेला दुर्योधन कृष्णाला भीष्म, द्रोण, कर्ण कसे मारले गेले ते ऐकवतो. आणि त्याच्यावर आकाशातून फुलं पडतात! पांडव खजील होतात. शेवटी कृष्णच कबूल करतो, की हे वीर सरळ युद्धात मारता आले नसते.

मी इथेच थांबले होते. ‘मग?’चं उत्तर पुढच्या पर्वात होतं. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा झोपलेल्या छावणीवर जायचं ठरवतो, तेव्हा कृपाचार्य त्याला अडवतात. त्यावर तो म्हणतो, धर्माचा बांध पांडवांनी आधीच फोडला आहे. त्या रात्री धृष्टद्युम्न, शिखंडी आणि द्रौपदीचे पाचही मुलगे मारले जातात. म्हणजे काय, तर एकाने मोडलेला नियम हा दुसऱ्याचा युक्तिवाद झाला, आणि त्याची किंमत झोपलेल्या मुलांनी दिली. ‘भीम चुकला’ एवढंच लिहून मी ही साखळी दिसायच्या आतच वही मिटली होती.

एक सावधगिरी मात्र बाळगा. कर्णाच्या रथाचं चाक रुततं तेव्हा तोही धर्माची आठवण देतो आणि कृष्ण त्याला द्यूतसभा आठवून देतो. आपल्यापैकी अनेकांचा कर्ण ‘मृत्युंजय’मधून (१९६७) आलेला असतो. तिथे कर्ण स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो, त्यामुळे आपण त्याच्या बाजूला बसूनच सगळं बघतो. कादंबरीचा तो हक्कच आहे. पण तिथली कळकळ महाभारताच्या नावावर खपवू नका. भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती उघडा आणि तिथे नेमकं कोण, कोणाला, कधी बोलतंय ते बघा. मी हे खूप उशिरा केलं.

तर एक गृहपाठ. तुमच्या आवडीची कुठलीही लढाई घ्या, कादंबरीतली किंवा सिनेमातली. नियम कोणी सांगितला? मोडल्यावर तक्रार कोणी केली? त्या तक्रारीचा पुढे कोणी, कशासाठी वापर केला? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं, तर तुमच्याकडे प्रकरण आहे. नाही मिळालं, तर सध्या तुमच्याकडे फक्त राग आहे. तोही वाईट नाही. सुरुवात तिथूनच होते.