मद्यार्क आणि मेदसिद्धान्त : एक परीक्षण

मद्यार्काचा मेंदूवरील परिणाम मज्जापेशींच्या मेदयुक्त पटलावरून विशद करण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. द्रव्य तेलात जितके अधिक विरघळते तितकी त्याची गुंगी अधिक, असा नियम मायर (१८९९) व ओव्हर्टन (१९०१) यांनी दाखविला. नियम बव्हंशी खरा. त्यावरून काढलेले अनुमान मात्र टिकत नाही. तापमान अंशभर वाढले तरी पटल मद्याने होते तितके शिथिल होते. परंतु अंशभर ज्वराने कोणास मद चढत नाही. शिवाय अल्कोहोलवर्गातील द्रव्यांची कार्बन-शृंखला एका मर्यादेपलीकडे लांबली, की मेदविद्राव्यता वाढूनही गुंगी लोपते.

पुढील संशोधनाने लक्ष संदेशवाहक द्रव्यांच्या ग्राही-प्रथिनांकडे वळविले. ग्लुटामेटच्या एनएमडीए-ग्राहीतील विद्युत्प्रवाह मद्यार्काने मंदावतो, हे १९८९ मध्ये आढळले. मद्यार्क गाबा-ग्राहीचे निरोधक कार्य वाढवितो. त्या ग्राहीतील विशिष्ट अमिनो आम्ल बदलताच ही वाढ नाहीशी होते, हे १९९७ मध्ये दिसले.

तथापि मद्यार्क कोणा एकाच ग्राहीशी बांधलेला नाही. त्याच्या अनेक क्रियांपैकी कोणती कोणत्या लक्षणाचे कारण, हे पृथक्पणे सिद्ध केल्यावाचून साहचर्यालाच कारण मानण्याच्या जुन्या दोषातून प्रथिनसिद्धान्तही मुक्त होणार नाही.