'आम्ही' की 'आपण'? : कांब्रेचं प्रवचन आणि नेवाशाचे श्रोते

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा इथल्याच एका स्नेह्यांनी विचारलं, 'श्रीरामपुरात बसून तेराशे वर्षांपूर्वीची आयरिश प्रवचनं कशाला?' प्रश्न रास्त आहे. इथून तासाभराच्या वाटेवर नेवासे आहे, एवढंच उत्तर आम्ही तेव्हा दिलं. उरलेलं आज देतो.

फ्रान्सच्या उत्तरेला कांब्रे नावाचं शहर आहे. तिथे आठव्या शतकातली एक लॅटिन पोथी जपलेली आहे. पोथीत चर्चचे नियम आहेत, कलमं म्हणा ना. आल्बेरिक नावाच्या बिशपसाठी ती लिहवून घेतली. त्याची कारकीर्द ७६३ ते ७९० अशी धरतात. या कलमांच्या मधोमध, मागचापुढचा काही संबंध नसताना, एक प्रवचन सुरू होतं. थोडं लॅटिन, मग जुनं आयरिश, पुन्हा लॅटिन, पुन्हा आयरिश. आणि नक्कल करणाऱ्याला आयरिश येत नव्हतं! शब्द कुठे संपतो हेच कळत नसल्याने त्याने अक्षरं भलतीकडे जोडली आहेत. समोरच्या पोथीत एखादं सुटं पान शिरलेलं असावं आणि याने ते इमानेइतबारे उतरवलं असावं, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मूळ प्रवचन सन ७०० च्या आसपासचं मानतात. सलग आयरिश गद्याचे जे अगदी जुने नमुने हाती आहेत, त्यांतला हा एक.

आता आपल्याकडे पाहा. ज्ञानदेवांनी नेवाशाला गीतेवर जे निरूपण केलं, ते शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं. पुढे तीनशे वर्षं भाविकांनी त्याच्या प्रती केल्या. त्यांना भाषा येत होती, अर्थ कळत होता, प्रेमही होतं. म्हणूनच त्यात पाठभेद शिरले, पदरच्या ओव्या शिरल्या. शके १५०६ मध्ये एकनाथांना ग्रंथ शुद्ध करावा लागला आणि पुन्हा कुणी भर घालू नये अशी ताकीद द्यावी लागली. म्हणजे न कळणाऱ्याने चुकत-माकत जपलं आणि कळणाऱ्यांनी बदललं. आम्हाला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा हसू आलं. नंतर नाही आलं.

तर त्या प्रवचनात आहे काय? वचन मत्तयच्या शुभवर्तमानातलं, सोळाव्या अध्यायातलं: ज्याला माझ्यामागे यायचं त्याने स्वतःला नाकारावं, आपला क्रूस उचलावा. हे वचन लॅटिनमध्ये. त्यावरचा पोप ग्रेगरींचा आधारही लॅटिनमध्ये. क्रूस दोन प्रकारे उचलला जातो, एक देहाला आवरून, दुसरा शेजाऱ्याच्या दुःखात भागीदार होऊन, हे ग्रेगरींचं. मग प्रवचनकार आयरिशकडे वळतो. आपल्याकडे श्लोक आणि त्याखाली ओव्या, तशीच ही बैठक.

इथे एक सोपं विधान करायचा मोह होतो: बघा, लोकभाषेने देवभाषेविरुद्ध बंड केलं. पुष्कळांनी केलंय ते. ज्ञानेश्वरीबद्दलही आणि आयरिशबद्दलही. आम्हाला ते पटत नाही. कांब्रेच्या पानावर दोन भाषा भांडत नाहीत. ८१३ साली तूर इथल्या धर्मसभेने बिशपांना सांगितलं की प्रवचनं लोकांच्या बोलीत उलगडून सांगा. आयरिश माणूस शंभर वर्षं आधी कुणी न सांगता ते करत होता. पण खरी गोष्ट त्यापुढे आहे. हे प्रवचन ज्या दोन जागांसाठी आठवलं जातं, त्या दोन्ही आयरिश भागात आहेत. बोलीत आल्यावर तो नुसता अनुवाद करत नाही. बोलीत आल्यावर त्याला काहीतरी सुचतं.

पहिली जागा करुणेची. पौलाचा शरीराचा दृष्टांत घेऊन तो म्हणतो की एका अवयवाचं दुखणं साऱ्या देहाचं असतं, म्हणून आमच्यातल्या प्रत्येकाने दुसऱ्याच्या कष्टात, दारिद्र्यात, आजारात सोबत सोसलं पाहिजे. हे वाक्य मराठीत आणताना आम्ही अडलो. 'आमच्यातल्या' की 'आपल्यातल्या'? आयरिशमध्ये एकच सर्वनाम, लॅटिनमध्ये एकच, इंग्रजीतही एकच. मराठीला मात्र विचारावंच लागतं: ऐकणारा धरून की सोडून? (आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो यावर घरची मंडळी हसतात, ते असो.) 'आमच्यातल्या' म्हटलं तर मठातले साधू आपसात बोलत आहेत. 'आपल्यातल्या' म्हटलं तर दाराशी उभा असलेला शेतकरीही आत आला. सगळ्या प्रवचनाचा अर्थ या एका शब्दावर फिरतो. आम्ही आधी 'आम्ही' लिहिलं होतं. ते खोडलं. आजार आणि दारिद्र्य यांची नावं घेऊन बोलणारा माणूस दार लावून बोलत नसावा, असं आमचं मत.

ज्ञानदेवांनी हा पेच निराळ्या तऱ्हेने सोडवला. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे अवधान मागतात, आणि लगेच स्वतःला त्यांच्यापुढे मूल करतात. वक्ता खाली, श्रोता वर. कांब्रेचा माणूस श्रोत्यांच्याच ओळीत बसतो. बाकी बहुतेक प्रवचनं, दोन्हीकडची, वरून खाली येतात. 'लेबर ब्रेक' या पंधराव्या शतकातल्या आयरिश पोथीत अशी बरीच आहेत. आधी लॅटिन, मग आयरिश, शेवटी स्वर्गसुखाची ठराविक यादी. चोपडी, नीटनेटकी. वाचताना श्रोत्याचा चेहरा दिसत नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. वर्षानुवर्षं तत्त्वज्ञान शिकवताना ज्ञानेश्वरी लावली की आम्ही विद्यार्थ्यांना सांगायचो, श्रोत्यांशी चाललेलं बोलणं सोडा, दृष्टांत सोडा, सिद्धान्त धरा. परीक्षेला ते सोयीचं होतं. पण श्रोता काढून टाकला की राहतं ते प्रवचन नव्हे. नेवाशाला जे घडलं ते खांबाला टेकलेल्या एकट्या माणसाचं चिंतन नव्हतं. समोर माणसं होती, ती निरूपणात येतात, दाद देतात, विषयाकडे वळा म्हणतात. आयरिश प्रवचनांच्या अभ्यासातही हेच झालंय. कोणतं वाक्य कुणाकडून घेतलं याच्या याद्या उत्तम झाल्या. कुणासाठी घेतलं, हे विचारायचं राहून जातं.

हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, तुमच्यापैकी पुष्कळ जण जात असतील, ख्रिस्ती नसलेलेही. आता तिथली उपासना मराठीत असते. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वीचा, १९६५ च्या आधीचा काळ आठवणारे वडीलधारे या तालुक्यात अजून आहेत. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये चाले आणि प्रवचन मराठीत. म्हणजे कांब्रेचं ते पान आपल्या उसाच्या शेतांमध्ये कालपरवापर्यंत जिवंत होतं. त्या वडीलधाऱ्यांना विचारा, काय लक्षात राहिलं म्हणून.

दुसरी जागा हौतात्म्याच्या रंगांची. प्रवचनकार तीन हौतात्म्यं सांगतो. देवासाठी प्रिय ते सारं सोडून जाणं, हे पांढरं. प्राण देणं, हे तांबडं. आणि उपास, कष्ट, पश्चात्ताप यांतून वासनांपासून सुटणं, हे 'ग्लास'. ग्रेगरींकडे उघड आणि गुप्त असे दोनच प्रकार होते. तिसरा रंग आयरिश मातीतला. त्या बेटावर ख्रिस्ती धर्म आला तो फारसं रक्त न सांडता, तेव्हा तांबडं नशिबी नव्हतं. मग कोलुम किल्ले ५६३ मध्ये घर सोडून आयोना बेटावर गेला, कोलुंबानुस पुढे युरोपात हिंडला आणि ६१५ मध्ये इटलीत बोब्बिओला वारला. आयुष्य हा रस्ता आहे, मुक्काम नव्हे, असं त्याच्या लॅटिन प्रवचनांत येतं, आणि त्याने ते चालून दाखवलं.

पण 'ग्लास' म्हणजे नेमका कोणता रंग? या शब्दात हिरवा, निळा, करडा असे तिन्ही बसतात. कुणी हिरवं हौतात्म्य म्हणतात, कुणी निळं. आम्ही मराठीत 'सावळं' लिहिलं आहे. विठ्ठल सावळा म्हणतो आपण, आणि चित्रात तो कधी काळा असतो, कधी निळा. कुणाची तक्रार नसते. तरी 'सावळं हौतात्म्य' कानाला जरा गोडच लागतं, उपासाचा कोरडेपणा त्यात येत नाही. कुणाला याहून बरा शब्द सुचला तर प्रश्नोत्तरांत सांगा. घरून ऐकणाऱ्यांनी लिहून कळवा.