फेज्ड ॲरे अँटेना : प्रदर्शनातील दोन प्रतिकृतींचे परीक्षण

गेल्या हिवाळ्यात पंचवटीतील एका शाळेत भरलेल्या विज्ञान प्रदर्शनाला आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. ‘दळणवळण’ या विभागात दोन प्रतिकृती एकाच विषयावर होत्या : जागची न हलता आपल्या लहरी हव्या त्या दिशेला पाठवणारी अँटेना. पहिल्या प्रतिकृतीला आम्ही पहिला क्रमांक दिला. दुसरीपुढे ‘प्रयोग अपूर्ण’ असा शेरा लिहिला. हा निर्णय चुकला असे आता आमचे मत झाले आहे. अशी चूक कोणत्याही प्रदर्शनात होऊ शकते, म्हणून तिचे परीक्षण येथे मांडत आहोत.

प्रथम विषय समजून घेऊ. पंचवटीतल्या गच्च्यांवर दिसणाऱ्या फ्री डिशच्या थाळ्या आग्नेयेकडे तोंड करून बसवलेल्या असतात. त्यांचा उपग्रह, जीसॅट-१५, विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. तो पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने आपल्याला स्थिर दिसतो. थाळी एकदा नीट रोखली की काम झाले. पण सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून जाणारे स्टारलिंकसारखे उपग्रह काही मिनिटांत आकाश ओलांडतात. एक मावळायच्या आत दुसरा पकडावा लागतो. थाळी इतक्या चपळाईने फिरवत राहण्यापेक्षा सपाट पाटीवर शेकडो छोट्या अँटेना बसवणे आणि त्यांच्यातील लहरींची कला, म्हणजेच फेज, बदलून झोत वळवणे सोयीचे ठरते. हाच फेज्ड ॲरे.

आता पहिली प्रतिकृती. थर्मोकोलच्या पाटीवर आठ ओळींत आठ असे ६४ एलईडी दिवे होते. वर दोऱ्याने टांगलेला उपग्रह हाताने सरकवला की खाली त्या बाजूची दिव्यांची ओळ उजळे. काम सुबक होते, मुले न अडखळता बोलत होती, पाहणाऱ्यांची गर्दी हटत नव्हती. ‘थाळी न हलवता उपग्रहाचा पाठलाग कसा करता येईल?’ हा प्रश्न या प्रतिकृतीने गर्दीच्या मनात निर्माण केला, हे तिचे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

मात्र प्रश्नाचे दिलेले उत्तर चुकीचे होते. दिव्यांच्या त्या खेळात एका वेळी एकच ओळ काम करते. फेज्ड ॲरेत सगळे घटक सतत आणि एकाच वेळी काम करतात. एकटा घटक आपल्या लहरी जवळजवळ सगळीकडे पसरवतो. त्याला दिशा अशी नसतेच. शेजारच्या घटकांच्या लहरी एका विशिष्ट दिशेला शिखराशी शिखर जुळून भेटतात, तेथे त्यांची बेरीज होते. इतर दिशांना एकाचे शिखर दुसऱ्याच्या दरीवर पडते आणि त्या एकमेकींना खोडतात. झोत तयार होतो तो या बेरीज-वजाबाकीतून. पहिल्या प्रतिकृतीत बेरीजही नव्हती आणि वजाबाकीही नव्हती.

दुसरी उणीव अंतराची. दिवे जवळ लावले काय किंवा दूर लावले काय, खेळ तसाच चालला असता. खऱ्या ॲरेत हे अंतर फार मोलाचे. ते सहसा तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास ठेवतात. १२ गिगाहर्ट्‌झला तरंगलांबी अडीच सेंटिमीटर, म्हणून दोन घटकांतील अंतर सुमारे सव्वा सेंटिमीटर. अंतर वाढवून तरंगलांबीएवढे केले, तर मुख्य झोताइतकेच जोरकस झोत नको त्या दिशेलाही निघतात. तिसरी उणीव अशी, की झोत कलता केला की उपग्रहाला पाटीचे क्षेत्र आखूड दिसते. ६० अंशांवर ते निम्मेच उरते आणि झोत तेवढा दुबळा होतो. दिवे मात्र कडेलाही तितकेच लखलखत होते.

या उणिवा विद्यार्थ्यांच्या वयाला क्षम्य आहेत. पण चौथी उणीव आम्हाला क्षम्य वाटत नाही, कारण ती पाहणे परीक्षकाचे, म्हणजे आमचे काम होते. त्या प्रतिकृतीत मोजण्यासारखे काहीच नव्हते. जी वस्तू कोणत्याही मोजणीने चूक ठरू शकत नाही, ती बरोबर असल्याचे तरी कशावरून म्हणावे?

आता दुसरी प्रतिकृती. आठवीतल्या तीन मुलींनी एका फळीवर दोन छोटे स्पीकर दहा सेंटिमीटर अंतरावर ठोकले होते. मोबाइलमधून १,७०० हर्ट्‌झचा एकसुरी आवाज एका ॲम्प्लिफायरमार्गे दोन्हींना जात होता. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला तर तरंगलांबी येते वीस सेंटिमीटर. म्हणजे स्पीकरमधले अंतर बरोबर तिच्या निम्मे! हा हिशेब मुलींनी वहीत मांडला होता. त्यांचे म्हणणे असे, की एका स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल केली की एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. कला १८० अंशांनी बदलते आणि समोर ऐकू येणारा आवाज बाजूला जातो.

पण त्या बंद खोलीत तसे काही घडेना. तारा बदलूनही समोर आवाज येतच होता. ‘‘सर, इथे भिंतींमुळे नीट येत नाही. मैदानात चला, दाखवतो,’’ असे त्यातली एक म्हणाली. आम्हाला ती सबब वाटली. आणखी बरीच टेबले पाहायची होती. आम्ही शेरा लिहिला आणि पुढे सरकलो.

वास्तविक त्या मुलीने अँटेना-मापनातला पहिला नियमच सांगितला होता. भिंतीवरून परतलेली लहर सरळ आलेल्या लहरीत मिसळते आणि मोजणी बिघडवते. म्हणूनच अँटेना मोजण्याच्या खोल्यांना आतून लहरी शोषणाऱ्या टोकदार फोमचे अस्तर लावतात, नाहीतर मोकळ्या मैदानात मोजणी करतात. मैदान केवढे लागते, त्याचाही हिशेब आहे. अँटेनाच्या रुंदीचा वर्ग करा, त्याची दुप्पट करा आणि तरंगलांबीने भागा. येते त्याहून जवळून मोजले तर झोताचा खरा आकार मिळत नाही. १२ गिगाहर्ट्‌झच्या ६० सेंटिमीटर थाळीसाठी हे अंतर सुमारे २९ मीटर आहे. शाळेच्या मैदानात ते मावते.

याच सूत्राने नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा विचार करा. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. एका थाळीसाठी, २१ सेंटिमीटर तरंगलांबीला, हे अंतर सुमारे १९ किलोमीटर भरते. मोजणीचा प्रक्षेपक इतक्या दूर आणि पुरेशा उंचीवर कसा न्यावा? म्हणून आकाशातल्या तेजस्वी रेडिओ स्रोतांवर थाळी रोखून तिचा झोत तपासतात. पल्सारच्या निरीक्षणासाठी अनेक थाळ्यांचे संकेत कला जुळवून एकत्र मिळवले, की जीएमआरटी स्वतःच एक फेज्ड ॲरे होते. त्याआधी एखाद्या ओळखीच्या स्रोतावरून प्रत्येक थाळीची कला तपासून घ्यावी लागते, आणि आयनांबरात फरक पडत असल्याने ती अधूनमधून पुन्हा जुळवावी लागते. मोजणी हे अँटेना बनवून झाल्यावरचे उरलेसुरले काम नव्हे. मोजणीवाचून ॲरे हा ॲरेच होत नाही.

प्रदर्शनानंतरच्या शनिवारी आम्ही पुन्हा त्या शाळेत गेलो. मुलींनी मैदानात फक्कीने तीन मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ आखले आणि दर पंधरा अंशांवर खूण केली. वाचन मोबाइलमधील आवाज मोजणाऱ्या ॲपवर घेतले. तारा सरळ असता समोर आवाज सर्वांत मोठा आणि स्पीकरच्या रेषेत सर्वांत क्षीण, तारा बदलल्यावर नेमके उलट. खरी कसोटी होती ३० अंशांच्या खुणेची. तेथे तारा कशाही जोडल्या तरी आवाज सारखाच राहावा, असे गणित सांगते. डोळे मिटून उभे राहिलेल्या आम्हाला तारा केव्हा बदलल्या ते तेथे ओळखता आले नाही. समोर आवाज पूर्ण नाहीसा मात्र झाला नाही. त्याची कारणे मुलींच्या वहीत आधीच होती : जमिनीवरून परतणारी लहर, आणि दोन्ही स्पीकर तंतोतंत सारखे नसणे.

या प्रतिकृतीलाही मर्यादा आहेत. तारा बदलून कला शून्य किंवा १८० अंश एवढीच होते, त्यामुळे झोत हळूहळू वळताना दिसत नाही. यावर उपाय आहे. दोन्ही स्पीकर स्टिरिओच्या दोन वेगळ्या वाहिन्यांना जोडावेत आणि एका वाहिनीतला आवाज पाव आवर्तन, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिसेकंद, उशिरा सुरू होईल अशी ध्वनिफीत संगणकावर तयार करावी. आता झोत उशिराच्या स्पीकरकडे ३० अंशांनी कलेल आणि दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांवर आवाज जवळजवळ बुजेल. कलांतर ४५ अंश केले तर झोत किती वळेल, हे वर्गाला आधी गणिताने काढायला सांगावे. उत्तर साडेचौदा अंशांच्या आसपास येते. मग मैदानात जाऊन पडताळावे. दोनच स्पीकरचा झोत फार रुंद असतो, म्हणून शिखरापेक्षा आवाज बुजण्याची जागा शोधणे सोपे जाईल.

शिक्षकांना आणि परीक्षकांना आमची सूचना एवढीच. गुणपत्रिकेत मांडणी आणि निवेदन यांच्यासोबत एक रकाना असावा : ‘विद्यार्थ्यांनी काय मोजले, आणि मोजणी अपेक्षेप्रमाणे आली नाही तेव्हा त्यांनी काय केले?’ या रकान्यात पहिल्या प्रतिकृतीला शून्य मिळाले असते. दुसरीला पूर्ण गुण द्यावे लागले असते, तेही तिचा प्रयोग खोलीत फसला होता तेव्हाच.

लागलेला निकाल आता बदलता येत नाही, आणि पहिल्या क्रमांकाच्या मुलांचा त्यात काही दोषही नाही. त्यांनी आम्हाला जे आवडते ते करून दाखवले. मुलींच्या वहीतला ‘प्रयोग अपूर्ण’ हा शेरा मात्र आम्ही त्या शनिवारी मैदानातच खोडला आणि शेजारी सही केली.