मुदतीत रचलेले संच

‘मॅजिक: द गॅदरिंग’सारख्या ट्रेडिंग कार्ड खेळाचा अख्खा नवा संच ठरलेल्या मुदतीत रचणे हा हौशी खेळरचनाकारांमध्ये चांगला रुळलेला प्रकार आहे. मुदत कधी चोवीस तासांची, कधी शनिवार-रविवारची, तर कधी महिनाभराची असते. सुटी चार-दोन कार्डे कुणालाही सुचतात. संच म्हणजे मात्र एकमेकांवर अवलंबून असलेली दोन-अडीचशे कार्डे, त्यांतून भरली जाणारी बूस्टर पाकिटे आणि ती पाकिटे फोडल्यावर टेबलावर उभा राहणारा खेळ. व्यावसायिक संचाला कल्पनेपासून छपाईपर्यंत सुमारे दोन वर्षे लागतात. तेच काम दोन दिवसांत करायला बसणाऱ्याला काय गाळायचे हे पहिल्या तासातच ठरवावे लागते, आणि त्याची खरी पारख तिथेच होते.

मुदतीची पैज लावण्याची प्रथा इतर कलांतही आहे. अमेरिकी चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९० मध्ये चोवीस तासांत चोवीस पानांची चित्रकथा काढण्याचा पायंडा पाडला. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘लुडम डेअर’ या स्पर्धेने तशीच शिस्त व्हिडिओ गेमला लावली. मॅजिकच्या इतिहासात मात्र घाईचे काम अगदी आरंभापासून आहे. गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांचा २९५ कार्डांचा पहिला संच ऑगस्ट १९९३ मध्ये आला आणि चारच महिन्यांनी, डिसेंबरात, त्यांनीच रचलेला ‘अरेबियन नाइट्स’ दुकानांत पोहोचला. त्यात वेगवेगळी ७८ कार्डे होती. घाईत रचलेल्या संचाचे गुण आणि दोष दोन्ही त्यातल्या ‘शहराजाद’ या एका कार्डात दिसतात. गोष्टीच्या पोटात गोष्ट सांगणाऱ्या नायिकेचे हे कार्ड खेळले, की चालू डाव थांबवून त्याच्या पोटात दुसरा डाव मांडायचा. कथा आणि नियम इतके एकजीव झालेले कार्ड आजही विरळाच. पण प्रत्यक्ष टेबलावर त्याने वेळेचा इतका फडशा पाडला, की पुढे अधिकृत स्पर्धांतून ते बाद झाले. याउलट १९९६ चा ‘मिराज’ हा संच खेळाच्या चाचणीकारांच्या एका गटाने कित्येक वर्षे उराशी बाळगला, खेळून पाहिला, आणि मग तो छापला गेला.

हौशी रचनेला आजचा घाट दिला तो ‘ग्रेट डिझायनर सर्च’ या जाहीर निवड-स्पर्धेने. मॅजिकची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने ती २००६, २०१० आणि २०१७ मध्ये सुरू केली आणि ॲलेक्सिस जॅन्सन, ईथन फ्लायशर व एरी नी हे तिचे विजेते ठरले. निबंध आणि बहुपर्यायी परीक्षेची चाळणी पार केल्यावर अंतिम उमेदवारांना नेमक्या अटींची आव्हाने थोड्या दिवसांच्या मुदतीत सोडवावी लागत, आणि परीक्षक प्रत्येक कार्डाची चिरफाड उघडपणे करत. त्याचा परिणाम स्पर्धेपुरता राहिला नाही. मुख्य रचनाकार मार्क रोझवॉटर २००२ पासून आपल्या स्तंभातून संचाच्या सांगाड्याविषयी लिहीत होतेच. त्यांचे विवेचन आणि ही उघड परीक्षा यांमुळे हौशी मंडळींना एक सामाईक परिभाषा मिळाली. आज नवखा रचनाकारही रंगांच्या वाटणीबद्दल बोलतो: पांढऱ्याकडे छोटे सैनिक आणि कायदा, निळ्याकडे कार्डे ओढणे आणि प्रतिस्पर्ध्याचे मंत्र रोखणे, काळ्याकडे मृत्यू, लालकडे आग, हिरव्याकडे मोठे प्राणी. वीस वर्षांपूर्वीच्या हौशी संचांत ही जाण क्वचित दिसे. या कलेची सर्वांत ठळक प्रगती हीच.

मुदतीचे गणित मात्र बहुतेकांचे चुकते ते पाकिटांत सर्वाधिक येणाऱ्या ‘कॉमन’ कार्डांपाशी. मॅजिकच्या जुन्या घडणीच्या पंधरा कार्डांच्या पाकिटात दहा कॉमन, तीन अनकॉमन, एक रेअर आणि एक लँड अशी वाटणी साधारणपणे असे. आठ खेळाडू ड्राफ्टला, म्हणजे पाकिटातून एकेक कार्ड निवडून उरलेले पाकीट शेजाऱ्याकडे सरकवण्याच्या खेळाला बसले, प्रत्येकाने तीन पाकिटे फोडली, की टेबलावर २४० कॉमन कार्डे येतात आणि रेअर फक्त २४. २०१८ च्या ‘डॉमिनेरिया’त १०१ कॉमन होती; अशा संचात प्रत्येक कॉमन त्या टेबलावर सरासरी दोनदा-तीनदा भेटते. रेअर व त्याहून दुर्मीळ मिथिक मिळून ६८ असताना त्यांतली निम्म्याहून अधिक त्या संध्याकाळी दिसतही नाहीत. संचाचा स्वभाव ठरतो तो कॉमन कार्डांवर. तरीही मुदतीत रचलेल्या संचांत पहिली रात्र हमखास ड्रॅगन, राजे आणि देवतांवर खर्ची पडते आणि कॉमन कार्डे शेवटच्या दोन तासांत जुन्या संचांवरून उतरवली जातात. जाणकार रचनाकार उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी रिकामा सांगाडा, म्हणजे प्रत्येक रंगाच्या कॉमन घरांची यादी. मग संचाचा खास गुण एका पाकिटात सरासरी किती वेळा दिसावा याचा हिशेब. १०१ पैकी वीस कॉमनवर तो गुण असेल तर पाकिटामागे तो दोनदा दिसेल. पाचांवरच असेल, तर दोन पाकिटांत मिळून एकदाच. मग तो संचाचा विषय म्हणायला अर्थ राहत नाही.

सांगाड्यातले एक घर जवळून पाहिले की हे काम किती बारीक आहे ते कळते. समजा संच बंदरातल्या चोरट्या मालाचा आहे आणि ‘पेटी’ नावाचे टोकन (डाव चालू असताना तयार होणारी वस्तू) हा त्याचा खास गुण: दोन माना (कार्डे खेळण्यासाठी खर्चायची ऊर्जा) देऊन पेटी फोडली की एक कार्ड ओढायचे. घर क्रमांक सीडब्ल्यू०३ (सी म्हणजे कॉमन, डब्ल्यू म्हणजे व्हाइट) हे दोन मानाच्या पांढऱ्या कॉमन प्राण्याचे. पहिला विचार असा: दोन ताकद, दोन सहनशक्ती, आणि मैदानात येताना सोबत एक पेटी. दिसायला छान, पण पांढऱ्याला स्वस्त हल्लेखोरही मिळाला आणि निळ्याची मक्तेदारी असलेले जादा कार्डही, म्हणजे निळा रंग खेळण्याचे कारणच कमी झाले. दुसरा विचार: दोन-एकचा प्राणी, तुमच्याकडे पेटी असेल तोवर त्याची ताकद एकाने अधिक. हे पांढऱ्याला शोभते आणि पेट्या बनवणाऱ्या रंगाशी त्याची जोडीही जमते. अडचण वेगळीच आहे. पेटी कधीही फोडता येते, त्यामुळे प्रत्येक झुंजीत दोन्ही खेळाडूंना ताकद पुन्हा पुन्हा मोजत बसावी लागते, आणि कॉमन कार्डांवर हा ताण फार साचतो. तिसरा विचार: हल्ला करताना तुमच्याकडे पेटी असेल तर पाळी संपेपर्यंत ताकद एकाने अधिक. मोजणी एकदाच होते आणि मग ती हलत नाही. कार्डावरच्या ओळी जवळपास तेवढ्याच राहिल्या, खेळ मात्र निवळला. अशी शंभर घरे भरायची असतात.

कार्डावरची भाषा हा भाग आता बराचसा सुटलेला आहे. ट्वान व्हान लारहोव्हन यांच्या ‘मॅजिक सेट एडिटर’ या मोफत प्रणालीने चौकट, चिन्हे आणि अक्षरांची मांडणी कुणाच्याही हाती दिली, आणि मंडळी वाक्यरचनेबाबत एकमेकांना काटेकोरपणे सुधारतात.

पण याच सुबकतेमुळे कार्ड पुरे झाल्याचा भास लवकर होतो, आणि खेळून पाहणे राहून जाते. कागदावरचा समतोल किती फसवा असतो याचा दाखला १९९३ च्या पहिल्याच संचात आहे. पाच रंगांची पाच कार्डे, प्रत्येकाची किंमत एक माना, प्रत्येक कार्ड कशाचे तरी तीन देणारे: ‘लाइटनिंग बोल्ट’ तीन घाव, ‘जायंट ग्रोथ’ ताकद-सहनशक्तीत तीनाची वाढ, ‘डार्क रिच्युअल’ तीन काळे माना, ‘हीलिंग साल्व्ह’ तीन प्राणबिंदू, ‘एन्सेस्ट्रल रिकॉल’ तीन कार्डे. आकृती अगदी बिनचूक. खेळात मात्र शेवटचे कार्ड आजवरच्या सर्वांत बलाढ्य कार्डांत गणले गेले आणि ‘हीलिंग साल्व्ह’कडे कुणी ढुंकून पाहिले नाही. पुढे मोठी चाचणी-फौज असूनही हे घडत राहिले. ‘स्कलक्लॅम्प’ या कार्डाचे आकडे घडणीच्या उत्तरार्धात बदलले गेले आणि जून २००४ मध्ये ‘स्टँडर्ड’ या स्पर्धा-प्रकारात त्यावर बंदी आली. २०२४ च्या ‘मॉडर्न होरायझन्स ३’मधल्या ‘नाडू’ या कार्डाचे शेवटचे रूप चाचणीत खेळलेच गेले नव्हते, हे त्याच्या रचनाकारांनी जाहीरपणे मान्य केले. ऑगस्टमध्ये ‘मॉडर्न’ या स्पर्धा-प्रकारातून ते हद्दपार झाले. पगारी चाचणीकारांची ही कथा, तर शनिवार-रविवारी एकट्याने रचलेला संच न खेळता पुरा म्हणणे धाडसाचेच.

साधनांची सबब आता उरलेली नाही. ‘कॉकॅट्रिस’ किंवा ‘टेबलटॉप सिम्युलेटर’वर घरबसल्या डाव मांडता येतो, ‘ड्राफ्टमॅन्सर’वर स्वतःच्या कार्डांचा ड्राफ्ट लावता येतो. चित्रांची बाजू मात्र दुबळी आहे. बहुतेक संच इतर चित्रकारांची कामे नाव देऊन वापरतात, आणि गेल्या काही वर्षांत यंत्राकडून काढून घेतलेल्या चित्रांचा सुळसुळाट झाला आहे. मुदतीच्या संचाला चित्रांची गरजच नसते. नाव, किंमत, ओळी आणि आकडे एवढे कोऱ्या कागदावर छापून खेळले तरी चाचणी पुरी होते, आणि जे तास चित्रे शोधण्यात जातात ते सीडब्ल्यू०३ सारख्या घरांना मिळतात.

परीक्षणाची रीतही बदलायला हवी. सध्या संचाचे परीक्षण म्हणजे दहा-बारा देखण्या रेअर कार्डांवरची शेरेबाजी असते. कोणत्या दोन रंगांची जोडी खेळायला मजा येते, डाव कितव्या पाळीला संपतो, हरणाऱ्याला परतायला वाट उरते का, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात, कारण परीक्षकांनी संच खेळलेला नसतो. आव्हानांच्या अटींतच यावर इलाज शक्य आहे. अडीचशेऐवजी साठ कॉमन, तीस अनकॉमन आणि पंधरा रेअर असा आटोपशीर संच मागवावा आणि मुदतीचा शेवटचा तिसरा हिस्सा फक्त खेळण्यासाठी राखावा. चार खेळाडू, बारा पाकिटे, १२० कॉमन: प्रत्येक कॉमन सरासरी दोनदा टेबलावर येते, ड्राफ्ट आणि डाव एका संध्याकाळी उरकतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणती दहा कार्डे बदलायची हे रचनाकाराला ठाऊक असते.