‘टोळी’ या शब्दाचा माग

१ जुलै २०१८ रोजी, बाजाराच्या दिवशी, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत बेदम मारून ठार केले. माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक मंगळवेढ्याकडची. मोबाइलवर ‘मुले पळवणारी टोळी’ फिरत होती. पुढे पुष्कळ लिहिले गेले आणि बहुतेकांनी व्हॉट्सअ‍ॅपला दोष देऊन विषय मिटवला. मला ते पटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपने निरोप पोचवला. ‘टोळी’ आधीपासून आपल्या डोक्यात होती.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हा जन्माला चिकटवला. मुंबई इलाख्यात तो १९११ नंतर आला. नोंद झालेल्याने हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. थोडक्यात, फिरणे हाच पुरावा. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. पाटी बदलली, नजर तीच.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात १८८० चे खानदेश गॅझेटियर वाचताना (मी पदवीने इतिहासकार नाही, वाचत वाचत शिकलो) भिल्लांवरच्या पानांशी मी अडलो. १८१८ नंतर इंग्रजांनी ज्यांना लुटारू ठरवून मोहिमा काढल्या, त्यांचीच पलटण १८२५ मध्ये आउट्रमने धरणगावला उभी केली. म्हणजे ‘रक्तातली गुन्हेगारी’ साहेबालाही सोयीपुरतीच खरी वाटत होती! आणि राईनपाडा आदिवासी गाव. एकेकाळी ज्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले, त्यांच्याच वस्तीत तो संशय दुसऱ्या भटक्यांवर उलटला. याची चर्चा कुणी केली नाही.

आता ‘टोळी’च्या जागी ‘घुसखोर’ आहे. बेकायदा प्रवेश रोखणे सरकारचे कामच; त्याला माझी हरकत नाही. पण आपल्या चर्चेत सरहद्दीचा कायदा, चोरीचा गुन्हा आणि माणसाची बोली एकाच पोत्यात भरली जाते. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच होता; २०२५ च्या नव्या कायद्यानेही तो तसाच ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रहीम अली प्रकरणात बजावले, की आधी सरकारने संशयाला काही आधार दाखवावा. आपल्या वादविवादात हा निकाल कितीदा ऐकू येतो?

२००८ च्या रेणके आयोगाने भटक्यांकडे रेशनकार्डासारखी साधी कागदपत्रेही नसल्याचे नोंदवले होते. पालावरच्या माणसाकडे जन्मदाखला मागितला, तर त्याने तो कोणत्या गावच्या ग्रामसेवकाकडून आणायचा?