प्रल्हाद शिंद्यांचा आवाज आणि आपण

आपली समीक्षा कवितेवर लिहिते, आत्मकथनांवर लिहिते. वस्तीत रोज जे कानावर पडते त्याच्यापाशी ती क्वचितच थांबते. यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्याविषयी विचारले. काहींना ते विठ्ठल-गणपतीचे गायक म्हणून ठाऊक, काहींना भीमगीतांचे. दोन्ही एकच माणूस, याचे बऱ्याच जणांना नवल वाटले.

सत्यनारायणाच्या कथेचे त्यांचे गाणे पूजेच्या मांडवात वाजते. १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत तर विष्णू, गणपती दोघांचीही उपासना नाकारलेली आहे. म्हणून आपले काही कार्यकर्ते या गायकावर ठपका ठेवतात. मला तो पटत नाही. कंपनी आवाज विकत घेते. आणि ग्रामोफोन आपल्या घरात नव्हताच तेव्हा ती गिऱ्हाइकाच्या देवाचीच गाणी काढणार. पण ‘कलेला जात नसते’ म्हणणाऱ्यांनीही या आवाजाचा दाखला देऊ नये. आवाज मांडवात गेला, वस्ती गावकुसाबाहेरच राहिली.

भीमगीते घरोघर पोचली ती स्वस्त टेपरेकॉर्डर आल्यावर, ऐंशीच्या दशकात. आंबेडकरी जलशात गणेशवंदनेची जागा भीमवंदनेने घेतली होती. पण तिच्यापुढे संवाद असत, सवाल-जवाब असत, हसवता हसवता भटशाहीची उलटतपासणी असे. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये वंदना तेवढी राहिली, वाद गळाला. वामनदादा कर्डक देशाच्या संपत्तीतला आमचा वाटा कुठे म्हणून विचारतात. दोन जयजयकारांच्या मध्ये ते गाणे ऐकले की प्रश्न बोथट होतो. वामनदादा आपले नाव बहुधा शेवटच्या कडव्यात गुंफतात. वेळ संपला म्हणून ते कडवे गाळले तर कवीच गळतो.

शिंद्यांचा आवाज मात्र या चौकटीत मावत नाही. कव्वालीच्या मुकाबल्यात तापलेला, मोकळ्या घशाचा हा आवाज शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी फेकलेला आहे. देवाच्या गाण्यातही तो विनवणी करत नाही, हाक मारतो. संगीताच्या जाणकारांना त्यात खडबडीतपणा दिसेल. मला तिथे जलसा शिल्लक असल्याचे जाणवते.

आता चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेचा ठोका इतका मोठा असतो की शब्द ऐकूच येत नाहीत. शब्दच गेल्यावर हे भीमगीत की गणपतीचे गाणे, हे रस्त्यावरच्या माणसाने ओळखायचे कशावरून?