एक गाडी, तीन डायनो, तीन हॉर्सपॉवर

एकच गाडी तीन डायनोमीटरवर चढवायची, तीन आकडे काढायचे आणि ‘सगळ्यात अचूक कोणता’ हे जाहीर करायचं, अशा तुलना तुम्ही पाहिल्या असतील. माझी तक्रार अशी की त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात.

पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत इंजिन सुटं बसवून त्याच्या शाफ्टवर ताकद मोजतात. गॅरेजमधला डायनो मोजतो चाकावर, म्हणजे क्लच, गिअरबॉक्स आणि टायर यांनी आपला वाटा खाल्ल्यानंतर. त्यातही दोन जाती. एडी करंट ब्रेकवाला रोलरला अडवतो आणि लोडसेलवर टॉर्क वाचतो. इनर्शिया डायनो जड ड्रम किती झपाट्यानं वेग घेतो यावरून हिशोब करतो. पण त्या वेळी इंजिनचं फ्लायव्हील आणि गाडीची चाकंही वेग घेत असतात. त्यात गेलेली ताकद ड्रमपर्यंत पोचतच नाही. म्हणून खालच्या गिअरमध्ये आकडा कमी येतो. मग सरसकट ‘15 टक्के लॉस’ मिळवून इंजिनची ताकद सांगणं म्हणजे अंदाजच.

त्यात एककाचा घोळ. मेट्रिक हॉर्सपॉवर 735.5 वॅटची, ब्रिटिश 745.7 वॅटची. नुसत्या नावात 1.4 टक्के फरक!

आता आपल्या सोलापूरचा मुद्दा. गाव समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटर उंच, आणि मे महिन्यातली दुपार. हवा विरळ, इंजिन दमतं. म्हणून मोजलेला आकडा 25 अंश आणि 99 किलोपास्कल कोरड्या दाबाला ‘दुरुस्त’ करतात. इथे 40 अंश आणि 94 किलोपास्कल धरा. पेट्रोल इंजिनसाठी संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. 85 मधलं सूत्र असं: (99/94) चा 1.2 वा घात गुणिले (313/298) चा 0.6 वा घात. उत्तर येतं 1.096. म्हणजे मोजले 100, छापले जवळपास 110. नियमानुसार हा गुणक 0.93 ते 1.07 मध्ये हवा. बाहेर गेला तर चाचणीचं तापमान आणि दाब अहवालात नेमका लिहायचा. तुमच्या हातातल्या कागदावर तो लिहिलाय का, बघा. टर्बो डिझेलला तर सूत्रच वेगळं. त्याला पेट्रोलचं लावलं की कागदावरची ताकद फुकटात वाढते.

ऊसपट्ट्यातल्या माणसाला काटा समजावून सांगायला नको. दरवेळी 200 किलो कमी दाखवणारा काटा सातत्यात पास, अचूकतेत नापास. सायलेन्सर बदलल्यानं काय फरक पडला हे बघायला सातत्य पुरतं: तोच डायनो, तोच गिअर, तीच टायरची हवा, तोच दिवस. कंपनीचा दावा तपासायला मात्र ते पुरत नाही.

म्हणून ट्यूनिंगचे पैसे देण्याआधी दोन गोष्टी मागा. एक, दुरुस्ती न केलेला मूळ आकडा, आधीचा आणि नंतरचा. दोन, ब्रेकवाला डायनो असेल तर कॅलिब्रेशन डोळ्यांदेखत: अर्ध्या मीटरच्या आडव्या दांड्याला 20 किलोचं वजन लटकवलं की पडद्यावर टॉर्क 98.1 न्यूटन-मीटरनं वाढला पाहिजे. तुलना छापणाऱ्यांनी एवढं जरी दिलं, तरी निम्मे वाद मिटतील.